माशांचा वास लागलेल्या सह्या

बोरिवली पश्चिमेला महापालिकेच्या एका मराठी शाळेच्या आवारात आमचं वाचनालय होतं. खोली एक, कपाटं सहा आणि बसायला एकच बाक. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत आजूबाजूला भराभर इमारती उठत होत्या, सभासद वाढत होते, आणि पुस्तक बदलायला आलेली माणसं दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहायची. मी दिवसा टेलिफोन खात्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी सहा ते आठ तिथे बिनपगारी ग्रंथपाल. सात वर्षं हे चाललं होतं. कुणी 'वाचनालय' म्हटलं की मला आतून 'माझं' असंच ऐकू यायचं.

आमच्या शेजारच्या दोन खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप होतं. त्या आम्हाला मिळाव्यात म्हणून वाचनालयाचे अध्यक्ष महापालिकेच्या अधिकाऱ्यांना भेटून आले. अधिकारी म्हणाले, "लोकांना हवंय हे मला दिसू दे. सह्या आणा."

निवेदन मी लिहिलं. मी मराठीत एम. ए. केलेलं, त्यामुळे ते काम माझंच, असं सगळ्यांनी धरलं होतं. अध्यक्षांनी ते वाचून "झकास!" म्हटलं तेव्हा दोन दिवस मी हवेत होते. मग कागद घेऊन इमारतींचे जिने चढायला लागले. "साहेब घरी नाहीत." "नंतर या." "कसली वर्गणी आहे का?" दोन महिन्यांत माझा दीड कागद भरला.

गोराईहून होडीने येऊन सकाळी बाजारात आणि मग आमच्या भागात घरोघरी मासे विकणारी एक कोळीण वाचनालयाची सभासद होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण चौथीपर्यंत. दर शनिवारी टोपली व्हरांड्यात ठेवून ती पुस्तक बदलायला यायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. एका शनिवारी ती मला म्हणाली, "बाय, मला पण दे ना कोरे कागद. मी तरी त्या घरांतून फिरतेच."

मी दिले. मनात म्हटलं, ही काय करणार!

दोन आठवड्यांनी तिने प्लास्टिकच्या पिशवीतून अकरा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले. पाठपोट भरलेले. कडा ओल्या होऊन सुकलेल्या, एका कोपऱ्यात खवला चिकटलेला, आणि वास तर विचारू नका.

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी ती नवा कागद घेऊन एका इमारतीत शिरली तशी मी मागोमाग गेले आणि एक मजला खाली थांबून ऐकत राहिले.

"तुझी पोरं अभ्यासाला कुठं बसतात गो? किचनमध्ये ना? मग? बाजूला दोन खोल्या नुसत्या कुलपात पडल्यात. कर सही."

निवेदनातलं एकही वाक्य तिने उच्चारलं नाही. आणि ज्या बाईने मला दोनदा "नंतर या" म्हणून परत पाठवलं होतं, तिनेच आतून पेन आणलं, वर "मावशी, चहा घेऊन जा" म्हणून आग्रह केला. मी जिन्यात उभी होते. छातीत काहीतरी गरम सांडल्यासारखं झालं.

तिचे कागद माझ्याशिवाय कुणी पाहिले नव्हते, पण घरोघरची बातमी वाचनालयाच्या कमिटीपर्यंत पोहोचली होती; बैठकीत तर अध्यक्ष फक्त तिच्याबद्दलच बोलत होते. "आपल्या मावशींनी कमाल केली!" निवेदन कुणी लिहिलं हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. कागद नीट लावून फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. मी तिचे सगळे कागद बाजूला काढले आणि कपाटाच्या तळाशी जुन्या दिवाळी अंकांखाली सारले. असले घाण कागद अधिकाऱ्यांपुढे कसे ठेवायचे, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

अध्यक्ष आणि मी फाइल घेऊन गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी ती उघडली. "एवढेच?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मावशींचे कागद कुठे आहेत?"

"त्यांनी अजून दिलेच नाहीत," मी म्हणाले. एवढं सहज बोलले, की माझं मलाच नवल वाटलं.

अध्यक्षांनी मावशीला कागदांबद्दल विचारलं, आणि शनिवारी ती आली ती कावरीबावरी होऊन. "बाय, मी तुला दिलेले ना गो? की होडीत राहिले? हल्ली माझं डोकंच ठिकाणावर नसतं."

मी कार्डं लावत म्हटलं, "घरी बघा एकदा."

"नको, परत फिरते. चूक माझी."

मे महिना होता. ती खरंच पुन्हा फिरली. एका दुपारी नोकरीवरून लवकर सुटून येताना मी तिला पाहिलं. दारातली बाई तिच्यावर वैतागली होती, "एकदा केली ना सही? किती वेळा करायची?" आणि दार धाडकन लागलं. मावशी खालच्या पायरीवर बसून गुडघे चोळत राहिली. तिच्या तोंडावर एकदा तरी दार लागावं अशी माझी कितीतरी दिवसांची इच्छा होती. ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तिच्यासमोरून जाववेना म्हणून मी मागच्या गल्लीने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मावशी, कागद माझ्याकडेच आहेत. मी लपवले."

सुरमईवरचा कोयता थांबला. "का गो?"

"तुम्हाला सगळे दार उघडतात म्हणून."

शेजारचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मावशीने कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, "सात वर्षं तू तिथं बसतेस. तुझं काय घेतलं मी?"

"काही नाही."

"कमिटीत तूच सांग. मी नाय सांगणार." आणि ती गिऱ्हाइकाकडे वळली.

मी सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चिटणीस म्हणाले, हिला काढा. शेवटी, दुसरं कुणी रोज संध्याकाळी बसणार नाही म्हणून, मला ठेवलं. हे कारण मला जास्त लागलं.

सगळे कागद अधिकाऱ्यांकडे गेले. काही महिन्यांनी खोल्या मिळाल्या. कुणी टेबल दिलं, एका सुताराने दोन रविवार घालवून फळ्या ठोकल्या, बायकांनी भिंती धुतल्या. जो येई तो विचारी, "मावशी कुठेत?" मी हसून सांगायचे, "बाजारात."

मावशी शनिवारी येत राहिली. माझ्याशी नीट बोलायची, पण आता मला 'मॅडम' म्हणायची. मी एकदा म्हटलंही, "मावशी, बाय म्हणा ना." ती नुसती हसली.

नव्या खोलीत बायकांसाठी एक लांब टेबल ठेवलं होतं. एका शनिवारी मावशी तिथे बसून, ओठ हलवत, हळूहळू एक कादंबरी संपवत होती. तिच्याभोवती तीन बायका हातातलं काम सोडून बसल्या होत्या, ती पुस्तक मिटेल आणि गोष्ट सांगेल म्हणून. ती कादंबरी मी चार वेळा वाचली होती. मला कुणी विचारलं नाही. मी रजिस्टर पुढे ओढलं आणि, लाज वाटत असूनही, तिचा पुन्हा हेवा केला.