चांद्याचं आवतन

रिठदच्या जगदेवाचे पाय तेवढे जमिनीवर असत. बाकीचा जगदेव कुठं हिंडत असे, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तण काढायचा डवरा धरून शेतात उभा राही आणि तोंडानं काहीबाही पुटपुटे. बैल आपल्या मनानं तास संपवून बांधाशी, धुऱ्यावर थांबत, तेव्हा कुठं याला जाग येई. "मालक झोपला, बैलं शेती करून राह्यले," असं शेजारी म्हणत, पण हळूच म्हणत. कारण तो पुटपुटे त्या पोळ्याच्या झडत्या असत, आणि झडत्यांत त्याचा हात धरणारा बारा गावांत कुणी नव्हता.

पोळ्याला तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या की एकानं चार ओळींची झडती फेकायची, गावानं 'हर हर महादेव' म्हणून ती उचलायची, आणि दुसऱ्यानं तिला उत्तर द्यायचं. जगदेवानं तोंड उघडलं की उत्तराला कुणी उरत नसे. लोक त्याला खांद्यावर घेत. बाया माडीवरून पाहत. पोरं त्याच्यासारखा फेटा बांधत. त्याच्यासारखं खाकरून सुरुवात करायची तर साथच आली होती. हे सगळं त्याला आवडे, फार आवडे. उगाच खोटं कशाला बोला!

या साऱ्या कीर्तीच्या बुडाशी एकच झडती होती:

"पैनगंगा चढली, गाडी मधात अडली,
कोन काढे? कोन काढे? सारी दुनिया रडली!
रिठदचा जगदेव, छाती जसा पहाड,
जू घेतलं खांद्यावर, गाडी नेली पल्याड!"

सात वर्षांपूर्वी बायकोला, कस्तुराबाईला, माहेरून आणताना त्याची गाडी खरोखरच पुरात अडली होती. तिच्या मांडीवर दोन महिन्यांचं लेकरू होतं. एवढं खरं. पुढचं जगदेवानं घरी आल्यावर रचलं. आधी गंमत म्हणून म्हटलं, लोकांनी खरं मानलं, आणि होता होता त्यालाही ते खोटं वाटेनासं झालं. कस्तुराबाई त्या गाडीत होती. पण ती कधी काही बोलली नाही.

मग एकदा रिसोडच्या बाजारात त्यानं फोनो ऐकला. कर्ण्यातून कुणी बाई गात होती, आणि माणसं हातातल्या पिशव्या विसरून उभी होती. जगदेव घरी आला तो अर्धाच. त्या दिवसापासून त्याला तूर दिसेना की तण दिसेना. वारा सुटला की वाटे, आपलाच आवाज कर्ण्यातून निघालाय आणि शेतांवरून चाललाय. वाशीमवरून, अनसिंगवरून, मानोऱ्याच्या तांड्यांवरून, नाव न ऐकलेल्या गावांवरून. आपण इथं धुऱ्यावर, आणि आपला आवाज तिकडं कुणाच्या तरी ओसरीत बसलाय.

स्वप्नं अशी कुणाची खरी होत नाहीत. याचं मात्र व्हायला आलं. अकोल्याचे फोनोवाले दौलतराव श्रावणात गावी आले, त्यांनी पारावर त्याची ती झडती ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "जगदेवराव, हीच म्हणा. मुंबईचे साहेब तबकडी भरायला अकोल्याला येतायत. एकच दिवस आहेत, अमावास्येचा."

अमावास्या म्हणजे पोळा. त्या साहेबाला पोळा काय ठाऊक!

जगदेवानं युक्ती काढली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि त्यांच्या कानात आवतन देतात. ज्यानं आवतन दिलं त्यानंच दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं जेवू घालायचं. त्यात कुणी मोडता घातल्याचं रिठदला ऐकिवात नव्हतं. म्हणून यंदा आवतन धाकट्या भावानं, इंद्रभाननं द्यायचं ठरलं. म्हणजे हा मोकळा.

संध्याकाळी इंद्रभान वाटी घेऊन गोठ्यात आला. जगदेव नुसता पाहत उभा होता. पण इंद्रभान खांदा चोळू लागला तसा चांद्या, त्यांचा म्हातारा बैल, अंग काढून घेऊ लागला. "त्याले दुखते तिथं. आन इकडे," म्हणून जगदेवानं वाटी घेतली.

चांद्याच्या खांद्यावर बोटभर जुना वण होता. जगदेवाची बोटं त्यावरून फिरू लागली आणि सात वर्षांचं पाणी सर्रकन परत आलं. जोडीचा बैल गुडघे टेकून बसला होता. कासरा जगदेवाच्या हातून केव्हाच सुटला होता. तो गाडीला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसला होता, आणि बायकोला धीर देण्याऐवजी आईच्या नावानं ओरडत होता. चांद्या एकटा ओढत होता. जुवानं खांदा फाटला, रक्त पाण्यात मिसळलं, पण तो थांबला नाही. जोडीदाराला, गाडीला, तिघा माणसांना त्यानं काठावर आणलं आणि मग थरथरत उभा राहिला.

खांदा चोळून झाला. दरसालच्या सवयीनं जगदेव कानाशी वाकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

इंद्रभान पाहतच राहिला. दारात कस्तुराबाई उभी होती.

"अवो, आवतन तुमीच देलं. आता जाता कसे?"

"तोंडातून निंगालं. इंद्रभान चारीन उद्या."

"त्याले काय समजते का, तोंडातून निंगालं का मनातून?" एवढं बोलून ती आत गेली.

पहाटे जगदेव निघाला, कारण स्वप्न तसं सोडत नाही. वाशीमला अकोल्याची आगगाडी धरायची होती, आणि वाट धुक्यात होती. पायाखाली चिखल, आणि डोक्यात कर्णा वाजत होता. उजाडता उजाडता एक नाला लागला. एक म्हातारा त्यात बैल धूत होता आणि म्हणत होता, "...छाती जसा पहाड!" जगदेवाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इथंवर आपण पोचलो तर!

"कोनाची हो झडती?" त्यानं साळसूदपणे विचारलं.

"रिठदच्या जगदेवाची. मले रामकिसन म्हंतेत, मी काई कोनाचं तोंडदेखलं बोलत नाही, पन मानूस असावा तर असा! बैलानं टाकलं होतं म्हने गाडीले. भेकड बैल. शेवटी यानंच जू घेतलं."

"भेकड?" जगदेवाच्या तोंडून एवढंच निघालं.

"मंग काय! मी असतो तर इकला असता असा बैल."

रामकिसन पुढं काय बोलला ते जगदेवाला ऐकू आलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं, की आज दुपारी आपण अकोल्याला तोंड उघडणार आणि चांद्या कायमचा भेकड ठरणार. साऱ्या बाजारांत, साऱ्या ओसऱ्यांत, आपण मेल्यावरसुद्धा. त्याला स्वतःची किळस आली. तो तिथंच वळला. मन मात्र मोठं कठीण. परतीच्या वाटेत त्यानं चारदा मागं पाहिलं आणि एकदा तर तो धुऱ्यावर बसला तो ऊन कलेपर्यंत, रडत.

गावात पोचला तेव्हा तोरण लागलं होतं. इंद्रभानच्या हातून त्यानं चांद्याची दोरी घेतली. "आला, आला!" लोक सरकले. जगदेव खाकरला.

"पैनगंगा चढली, गाडी मधात अडली,
जगदेवाची बोबडी पान्यातच वळली!
कोन काढे? कोन काढे? गडी होता भ्याड,
चांद्यानं खांदा देला, आनलं मले पल्याड!"

क्षणभर कुणी 'हर हर महादेव' म्हणालंच नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू साऱ्या तोरणाखाली पसरलं. त्या वर्षी जगदेवाला कुणी खांद्यावर घेतलं नाही. घरी कस्तुराबाईनं पुरणपोळीचं ताट त्याच्या हाती दिलं. चांद्या त्याच्या हातून सावकाश जेवला. ती म्हणाली, "सात सालं लागले तुमाले." आणि मग चांद्याचे पाय धुतले होते तसेच तिनं त्याचेही धुऊन पुसले.

चांद्या पुढच्या हिवाळ्यात गेला.

झडतीचं मात्र निराळंच झालं. मोठेपणा मिरवणारी झडती बारा गावं फिरली होती. भित्र्या जगदेवाची, हसवते म्हणून, पन्नास गावं फिरली. पाच-सहा वर्षांनी रिसोडच्या बाजारात जगदेव मिरच्या घेत होता तर मागून कर्ण्यातून कुणी परका गडी खणखणीत म्हणाला, "जगदेवाची बोबडी पान्यातच वळली!" बाजार हसला. शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "काय भेकड असंन हा जगदेव!"

"होता," जगदेव म्हणाला. "मी पाह्यला हाये त्याले."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. आवाज दुसऱ्याचा, नाव आपलं, आणि तेही असं. कस्तुराबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "चांद्याचं नाव नीट घेतलं का त्यानं?"

"घेतलं," जगदेव म्हणाला. "साऱ्या बाजारानं ऐकलं."