साडूंनी खोली झाडून दिली

जागा सोडावी कशी, हे या जगात एकट्या माझ्या साडूंना कळतं. बाकीची माणसं नुसती निघून जातात. तुम्ही-आम्ही उठतो, चपला घालतो, ‘येतो’ म्हणतो आणि मागे उष्टा कप, चुरगळलेली उशी, गरगरणारा पंखा असं सगळं ठेवून चालू लागतो. साडू एसटीतून उतरतानासुद्धा आपली सीट हातानं झटकतात, खिडकीची काच होती तिथे ओढून ठेवतात आणि उभ्या असलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला ‘आता बसा’ असं सांगून मगच पायरीकडे वळतात; तोवर कंडक्टरनं डबल घंटी दिलेली असते आणि साडू पुढच्या स्टॉपला उतरतात. एकदा अलिबागच्या एका खानावळीत जेवण झाल्यावर त्यांनी टेबल पुसलं, मिठाची वाटी मध्यभागी आणली आणि खुर्च्या आत सारल्या, तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकानं त्यांच्याकडे सोलकढी मागितली. साडूंनी ती आणूनही दिली, आणि वर ‘अजून काही?’ असंही विचारलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी मोजणी खात्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी दाखवत हिंडले आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत राहिले. बदल्याही भरपूर झाल्या. आज तळा, उद्या मुरूड, परवा आणखी कुठे. दर बदलीला ट्रक दारात येऊन उभा राहायचा आणि साडू आत भिंतीतले खिळे उपटून भोकं चुन्यानं बुजवत बसलेले असायचे. मग मोरी घासायची, स्टोव्हमागची काजळी खरवडायची, आणि शेवटी आतल्या भिंतीपासून दारापर्यंत पाठमोरं झाडत यायचं, म्हणजे आपल्या पावलाचा ठसादेखील मागे राहत नाही. त्यानंतर चावी आणि एक नारळ घरमालकाच्या हातात. तळ्याचे घरमालक ती खोली बघून इतके गहिवरले की पुढे कितीतरी दिवस गावातल्या इतर भाडेकरूंना हाताला धरून ती दाखवायला नेत होते. ते भाडेकरू साडूंवर अजून खार खाऊन आहेत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायच्या, ‘‘आम्ही त्या गावात राहिलो याला पुरावा एकच. शेजारणीकडे राहिलेली माझी आमटीची वाटी.’’

निवृत्त झाल्यावर साडूंनी रेवदंड्याच्या अलीकडे एक लहानसं घर घेतलं. मागे चार नारळ, थोड्या पोफळी, पुढे ओटी. आता सोडायला जागाच उरली नाही, तेव्हा या माणसाचं कसं होणार अशी आम्हाला काळजी होती. त्यांच्या मुलीनं, ती पुण्याला कॉम्प्युटरमधलंच काही करते, त्यांना कॅमेरा आणून दिला आणि ती काळजी मिटली. दुसरी सुरू झाली. कारण साडू फोटो काढण्याआधी समोरची जागा आवरतात. मांजराचा फोटो काढायचा तर आधी मांजराखालचं पोतं झटकतात. मांजर अर्थातच निघून जातं, आणि साडूंकडे स्वच्छ पोत्याचे फोटो पुष्कळ आहेत. काशीदला आम्ही सगळे गेलो होतो. सुरूच्या बनापुढे आम्हाला रांगेत उभं करून साडूंनी डोळ्याला कॅमेरा लावला, तर वाळूत त्यांना एक नारळाची कवटी दिसली. ती उचलायला गेले, तिथून एक चप्पल दिसली, चपलेपासून एक प्लास्टिकची पिशवी. आम्ही हसरे चेहरे धरून उभे होतो. साडू परत आले तेव्हा सूर्य बुडाला होता आणि माझ्या बायकोचा चेहरा फोटोला लागणाऱ्या चेहऱ्यापासून फार लांब गेला होता.

हे सगळे फोटो ते इंटरनेटवर एका परदेशी ठिकाणी ठेवत. फुकट जागा होती, कुणीही यावं, बघावं, खाली दोन शब्द लिहावेत. एकदा ताईंनी एका फोटोला नाक मुरडलं, तर साडू त्यांना म्हणाले, तुला फोटोतलं काही कळत नाही. ताई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, मुलीनं दिलेला फोन काढला आणि त्या फोटोखाली लिहिलं. तेव्हापासून त्यांनी साडूंचा एक फोटो मोकळा सोडला नाही. जास्वंदीच्या फुलाखाली, ‘हे फूल पूजेसाठी ठेवलं होतं. कुठे गेलं ते आत्ता कळलं.’ काशीदच्या त्या फोटोखाली, ‘किनारा छान आलाय. माणसं काळी का आलीत?’ साडूंचं उत्तर, ‘सूर्य गेला.’ त्याखाली पुन्हा ताई, ‘तुमची वाट बघून गेला.’ दारावर येणाऱ्या मासेवालीचा पाटीसकट काढलेला एक सुंदर फोटो होता. त्याखाली ताईंनी लिहिलं की बोंबील कालचे आहेत, फोटोत वास येत नाही म्हणून बरं. ते मासेवालीच्या मुलानं तिला वाचून दाखवलं आणि मग ओटीवर जे भांडण झालं ते अख्ख्या आळीनं ऐकलं.

खरं सांगायचं तर आम्ही कुणी फोटो बघायला तिथे जातच नव्हतो. ताईंनी आज काय लिहिलं, हे बघायला जात होतो. साडू ओटीवर, ताई आत, मधलं दार सताड उघडं, आणि दोघं एकमेकांशी परदेशामार्गे भांडत. माझी बायको त्यांना म्हणालीसुद्धा, अगं, हाक मारून सांग की. तर ताई म्हणाल्या, ‘‘हाक मारली तर ‘हं’ करतात. लिहिलं की चष्मा लावून वाचतात.’’ आणि ते खरंच होतं. साडू वाचत, गालातल्या गालात हसत, आणि उत्तर दिल्याशिवाय कधी राहत नसत. मोजून दोन-तीन शब्दांचं असे, पण असे.

मग ताई आजारी पडल्या. अलिबागला दवाखान्यात ठेवलं होतं आणि माझी बायको त्यांच्यापाशी असे. ताईंचा जीव घरात अडकलेला. म्हणून साडू रोज सकाळी घराचेच फोटो काढून तिथे टाकायचे आणि मग डबा घेऊन यायचे. ताई उशीला टेकून, चष्मा लावून एकेक तपासायच्या. ‘तुळशीला पाणी नाही.’ ‘पाहुण्यांची चादर कशाला काढलीत?’ ‘दुधाचं पातेलं असं पालथं घालतात का कुणी?’ नर्सबाईसुद्धा वाकून बघायच्या. उद्या घरी सोडायचं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा साडूंनी आदल्या दिवशी सगळं घर धुऊन काढलं, खिडकीशी खाट मांडली आणि त्याचा एक फोटो टाकला. तो शेवटचा. ताई घरी आल्या नाहीत.

पुढे दोनेक वर्षं आम्ही कधीही गेलो तर साडू ओटीवर मांडीवर टॅब घेऊन बसलेले दिसायचे. आम्हाला वाटे, फोटो बघतायत.

मुलीला बापाचं हे एकटं बसणं बघवेना. काहीतरी उद्योग असावा म्हणून तिनं त्यांच्या नावाची एक स्वतंत्र वेबसाइट करून दिली. ‘स्वतःची’ म्हटल्यावर साडू हरखले. जन्म सगळा दुसऱ्याच्या खोल्यांत गेला, फोटो तरी आपल्या घरात राहू देत, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. मुलीनं समजावलं होतं की फार काही करायचं नाही, इथलं एक बटण दाबायचं, ती परदेशी जागा परवानगी विचारेल, हो म्हणायचं, की फोटो आपोआप इकडे येतील. पण बिऱ्हाड हलवायचं म्हणजे असं उठून हलवतात का? साडू दसऱ्यापर्यंत थांबले. त्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, शेजारी निरांजन ठेवलं आणि बटण दाबलं. फोटो येऊ लागले तसे ते ट्रकमधून सामान उतरवून घेताना बसावं तसे समोर बसून राहिले, कुठला कोपरा दुमडला नाही ना, कुठे ओरखडा नाही ना बघत. सगळे आले. काशीद आलं, जास्वंद आली, रिकामी पोती आली. तारखासुद्धा बरोबर.

मुलगी म्हणाली होती की तिकडचं असू दे, घाई नको. पण एका माणसाची दोन बिऱ्हाडं साडूंना कशी चालणार? सामान आलं, म्हणजे आता खोली झाडायला हवी. मोठ्या निगुतीनं त्यांनी तिकडचा एकेक आल्बम पुसला. मग तिथली कचरापेटी रिकामी केली. शेवटी खातंही बंद करायला घेतलं. त्या जागेनं पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? साडूंना ते घरमालकाचं अगत्य वाटलं. का सोडून जाता, असंही विचारलं होतं. साडूंनी मराठीत लिहिलं, ‘स्वतःच्या घरात जात आहे. आपण फार चांगले वागलात. आभारी आहे.’ आणि चावी परत केली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, जरा येता का. आम्ही दोघं गेलो. घर नेहमीसारखं लख्ख. टेबलावर टॅब, त्यावर काशीदचा फोटो, सगळे काळे चेहरे. साडूंनी बोटानं फोटो वर सरकवला. खाली काहीच नव्हतं.

‘‘फोटो सगळे आले हो,’’ ते म्हणाले. ‘‘तिचं नाही आलं.’’

मुलीशी त्यांचं बोलून झालं होतं. फोटो आपले असतात, ते येतात. खाली लिहिलेलं त्या जागेचं असतं, ते तिथेच राहतं. राहिलं असतं. त्या परदेशी लोकांना मुलीनं विनंती केली, तर फार सभ्य उत्तर आलं की तुमच्याच सांगण्यावरून सगळं पुसलं आहे, परत मिळणार नाही. खाली कुणी लिहिलं की साडूंना ईमेल येत असे, ती तरी असेल म्हणावं, तर ईमेलची पेटी हा माणूस रोज भांड्यांबरोबर घासायचा. मुलगी फोनवर रडली. साडूंनी तिची समजूत घातली की तू सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही. स्वतःची समजूत मात्र त्यांना घालता येत नव्हती. एवढा नेटका माणूस, आणि नेटकेपणानंच घात केला, याचं मला फार वाईट वाटलं.

आळीत बातमी गेलीच होती. आम्ही बसलेलो असतानाच मासेवाली आली, पाटी खाली ठेवून पायरीवर टेकली. म्हणाली, ‘‘माज्या बोंबलांना शिळं लिवलं व्हतं तिनं. मी भांडले तिच्यासंगती, व्हय. पन ते पुसायचं न्हाय व्हतं, दादा.’’ साडू मान हलवत राहिले. तिनं न विचारता दोन बांगडे काढून ठेवले आणि गेली.

आम्हाला आठवेल ते आम्ही सांगू लागलो. साडूंनी हात वर करून थांबवलं. ‘‘ते मला पाठ आहे. रोज वाचत होतो ना.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘एकच नाही. घर धुतलं त्या दिवशीचा फोटो. त्याच्याखालचं तिचं त्या दिवशी धावपळीत वाचलं असेल ते असेल; सगळं होऊन गेल्यावर एकदाच बघितलं, आणि पुन्हा तो फोटो उघडलाच नाही. उघडू उघडू म्हणत राहिलो. आता ते मला धड आठवत नाही. आणि अंदाजानं हद्द दाखवायची सवय नाही मला.’’

माझी बायको म्हणाली, ‘‘भाऊजी, ते मला माहीत आहे. पाठवायच्या आधी ताईनं मला वाचून दाखवलं होतं.’’

साडूंनी खुर्ची पुढे ओढली. तिनं सांगितलं, ‘‘‘घर एवढं स्वच्छ केलंत की त्यात मी कधी नव्हतेच असं वाटतंय. माझं काहीतरी बाहेर असू द्या.’’’

‘‘अंदाजे नाही ना?’’

‘‘नाही, भाऊजी. असंच होतं.’’

त्यांनी त्या फोटोखाली ते एका बोटानं लिहिलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. आणि मग तिच्याकडे वळून सहज विचारलं, ‘‘आणि यावर मी काय लिहिलं होतं?’’

तो फोटो टाकला त्या दिवशी साडू घरामागच्या वाडीतल्या पायऱ्या घासत होते. फोन आत कुठेतरी पडला होता. इकडे दवाखान्यात ताईंनी संध्याकाळपर्यंत हातातला फोन खाली ठेवला नव्हता. मधूनमधून उजळवून बघत होत्या. बघून बघून म्हणाल्या, आज रुसलेत वाटतं. मग झोपल्या, आणि पहाटे गेल्या. हे बायकोनं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

‘‘शब्द नाहीत आठवत,’’ ती साडूंना म्हणाली. ‘‘पण लिहिलं होतंत तुम्ही काहीतरी. ताई वाचून हसली होती.’’

‘‘लिहिलं असणारच,’’ साडू म्हणाले. त्यांचा चेहरा इतका निवला की मला तिकडे बघवेना. ‘‘तिला उत्तर दिल्याशिवाय मी कधी राहिलो नाही.’’

आम्ही घरी निघालो. पुसलं गेलं त्यात एवढं एक बरं झालं, असं माझ्या मनात आलं, आणि तसं आल्याचं लगेच वाईटही वाटलं. ताईंच्या त्या वाक्याखाली काहीच नव्हतं, हे आता आम्हा दोघांनाच माहीत आहे.