बांडगुळाखालचा होकार

काल, १९ डिसेंबर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मैत्रिणीचा तिच्या सख्ख्या नातवाने अपमान केला.

तोही तिच्या फोटोला हार घालून.

सुभद्रा परवा गेली. माझी सुभी. शाळेपासूनची.

आणि पुण्यात बसलेल्या निखिलने पोस्ट टाकली: "आजीच्या काळी प्रेमबिम नव्हतं. घरच्यांनी ठरवलं, तिने मान डोलावली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही."

खाली रडक्या चेहऱ्यांची रांग.

निखिल, बाळा, तू होतास का तिथे?

मी होते.

माझी नव्वदी उलटली आहे, गुडघे गेले आहेत, पण आठवण धडधाकट आहे. तर ऐक.

सत्तेचाळीसच्या आसपासचा डिसेंबर. मी वाशीमची, सुभी अनसिंगच्या शेतकऱ्याची पोरगी, दोघी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात. इंग्रजी सुधारावं म्हणून सिस्टर आम्हाला जुनी विलायती मासिकं द्यायच्या. त्यांच्या नाताळ अंकात एक तरी छोटी लव्ह स्टोरी असायचीच.

आठ पानांची. पहिल्या पानावर बर्फ पडायचा, गाडी अडकायची, आणि एक उर्मट माणूस कुत्रा घेऊन यायचा. आठव्या पानावर, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तोच लग्नाचं विचारायचा.

दोन दिवसांत प्रेम! आमच्याकडे दोन दिवसांत दही तरी नीट लागतं का थंडीत?

हिरोची आई आधीच वारलेली. म्हणजे सासूचा प्रश्न मिटला. भांडी कोण घासतं, पत्ता नाही. आणि जानेवारी? जानेवारी कधी उजाडायचाच नाही.

तरी आम्ही एकेक गोष्ट पाठ केली होती.

का माहीत आहे? त्या आठ पानांत एका मुलीला कुणीतरी विचारायचं. आणि ती स्वतःच्या तोंडाने हो म्हणायची. आम्ही तसं कुठे पाहिलंच नव्हतं.

बर्फ आम्हाला लगेच समजला. जिनिंगच्या आवारात डिसेंबरात कापूस उडतो ना, तसा.

अडलो ते मिसलटोला.

"ते दोघे मिसलटोखाली उभे राहिले, आणि..." पुढच्या ओळीवर सिस्टरनी शाई फासलेली!

डिक्शनरी काढली. दुसऱ्या झाडावर वाढून त्याचा रस पिणारी वनस्पती.

सुभी किंचाळलीच. "अवं तारे, हे तं बांडगूळ हाय! आमच्या विहिरीवरच्या आंब्याले लटकून राह्यलं!"

"पण त्याच्याखाली उभं राहून करतात काय?"

तिने शाईवर बोट ठेवलं. "मनातलं खरं बोलत असतीन. दुसरं काय लपवणार सिस्टर?"

कॉन्व्हेंटच्या दोन हुशार मुली. हस. त्याच्याखाली मुका घेतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नाताळच्या सुट्टीत मी अनसिंगला तिच्या घरी गेले, तर तिला पाहायला किन्हीराजाहून पाहुणे यायचे होते. सुभीचा चेहरा उतरलेला.

"तारे, त्याले बांडगुळाखाली उभा कर. काय बोलते ते आईकतो मी. नाई आवडला तं बाबाले नाई म्हणीन. मारलं तरी नाई म्हणीन."

पोहे झाले. सुभी कडब्याच्या गंजीमागे लपली. मी मुलाला म्हटलं, "हात धुवायला विहिरीवर चला."

दौलत त्याचं नाव. काळा, उंच, टोपी हातात. आंब्याखाली आला, वर पाहिलं, आणि पाहतच राहिला.

मी श्वास रोखला. आता बोलणार!

"बाई, हे झाड कोनी पायत नाई काय?"

"का?"

"बांडगूळ खाऊन राह्यलं त्याले. अजून दोन साल गेले तं वाळून जाईन. विळा हाय काय घरात?"

आणि तो चढला, निखिल! पाहुणा म्हणून आलेला नवरदेव, धुतलेलं धोतर खोचून, आंब्यावर! विळ्याने सगळं बांडगूळ छाटून खाली टाकलं.

मी संतापले. सगळ्या रोमान्सवर पाणी! गंजीमागे धावले, तर ही तोंडात पदर कोंबून हसतेय.

"सुभे, मिसलटो तोडलं त्याने!"

"तोडू दे वं. झाड कोनाचं? ना त्याचं, ना त्याच्या बापाचं. तरी चढला." मग हसू थांबलं. "मलेबी असं वाळू देनार नाई हा."

ती तशीच बैठकीत गेली. केसात कडबा. चार पुरुषांसमोर बापाला म्हणाली, "बाबा, मले पसंत हाय."

बैठक गार! बाप लाल झाला. आणि दौलतभाऊ, विळा अजून हातात, म्हणाले, "मलेबी इचारा नं कोनी. मीबी हो म्हनतो."

याला तू मान डोलावणं म्हणतोस?

पुढे जानेवारी आला. सासू होती, चांगली ठणठणीत, आणि तिखट. भांड्यांचा ढीग होता. गोष्टीत नसलेलं सगळं होतं. सुभी टिकली, बहरली. दर नाताळला मी इंग्रजी गोष्टी पाठवायचे. ती त्या दौलतभाऊंना वऱ्हाडीत सांगायची आणि ते दरवेळी तेच विचारायचे:

"अन् त्या झाडाचं काय झालं मंग?"

एकाही लेखकाला हा प्रश्न पडला नाही. दौलतभाऊंना पडला.

सुभे, जा आता. ते वर कुठल्यातरी झाडावर चढले असतील, खाली उभी राहा. तुझी तारा तुला हसत निरोप देते आहे, रडणं नंतर बघू.

आणि निखिल, ती पोस्ट दुरुस्त कर. "आजीने स्वतः निवडलं" असं लिही आणि मला लेखी उत्तर दे. अंगठा नको, हात जोडलेलं चित्र नको. २४ डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत.

आमच्या गोष्टी तेव्हाच संपायच्या. आणि सुभीच्या त्या होकाराची साक्ष द्यायला आता मी एकटीच उरले आहे.