बझरची बरणी

माझ्या धाकट्या भावाला आम्ही खटपट्या म्हणतो. नाव आईने ठेवलं, तो रांगायला लागला तेव्हा. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आलेत, पण नाव बदलावं असं त्याने आजवर काही केलेलं नाही. नवी वस्तू घरात आली की आधी खोका उघडतो, मग पेच. हेडफोनच्या गाद्या काढून त्याने तिथे जुन्या कोटाचं मखमली अस्तर शिवलंय. कीबोर्डची बटणं लाकडाची, स्वतः घासून बसवलेली. मोबाइलला मागून पारदर्शक झाकण आहे, आणि पाहुण्यांची इच्छा असो वा नसो, आतली बॅटरी प्रत्येकाला बघावीच लागते. चहाचा कप हातात दिला तरी हा आधी बुडाकडे बघतो, पेच कुठे आहेत म्हणून, असं आई म्हणते.

"चालतंय ना बाबा, मग उघडतोस कशाला?" असं वडील होते तेव्हा विचारायचे.

"चालतंय हो, पण मला हवं तसं चालत नाही," हे ठरलेलं उत्तर.

तो स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. खुर्चीत बसला तरी गुडघा हलत असतो, गुडघा धरला तर बोटं टेबलावर वाजतात. लग्न केलं नाही. "माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हे टेबल कधी आवरणार," म्हणतो. त्या टेबलावर कथलाची तार, भिंग, दातांचा जुना ब्रश आणि सोल्डरिंगची ती गरम लेखणी. तिच्या धुराचा वास त्याच्या शर्टांना कायमचा लागलाय.

पोटापाण्यासाठी तो एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसतो. वस्तू काचेवरून सरकवायची, यंत्र 'टी' करतं, पुढची वस्तू. साबण, टी. बिस्किटं, टी. दिवसभर तेच. घरी येऊन जरा टेकावं तर ओव्हन टी-टी करतो, कपड्यांचं मशीन शिट्ट्या मारतं, फ्रिजचं दार क्षणभर उघडं राहिलं की तो ओरडतो.

"ताई, माझ्या डोक्यात कुणीतरी सारखं बिल करतंय गं," तो मला म्हणाला होता. मी हसले होते. तो हसला नव्हता.

आई त्याच्याजवळ राहते आणि तो कामावर गेला की दिवसभर एकटी असते. तिच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चाललेत. अधूनमधून डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. आम्हा भावंडांचं ठरलं होतं की नजर आणखी उतरली तर तिला दिवसा एकटं ठेवायचं नाही. एक तर तिने माझ्याकडे यायचं, नाही तर सोबतीला बाई ठेवायची. आईला दोन्ही नामंजूर.

"माझ्याच घरात माझ्याकडे बघत बसायला बाई? आणि तुझ्याकडे येऊन काय करू, पाहुणी होऊन सोफ्यावर बसू? जोवर मला माझा चहा करता येतोय, तोवर हा विषय काढायचा नाही."

दर तपासणीला ती डॉक्टरांसमोर भिंतीवरची अक्षरं धडाधड म्हणून दाखवायची. डॉक्टर रिपोर्टकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि म्हणायचे, "कमाल आहे आजी." विषय तिथेच मिटायचा.

त्या हिवाळ्यात इंजेक्शन झाल्यावर ती नेहमीप्रमाणे थोडे दिवस माझ्याकडे राहायला आली. घर रिकामं मिळालं आणि खटपट्याला रान मोकळं. मला फोटो यायला लागले. ओव्हनचं पोट उघडं. शेगडी पालथी. त्याच्या तळहातावर शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती, मधोमध भोक. खाली लिहिलेलं, 'बझर. बोंबलणारा हाच.' ओव्हन, विजेची शेगडी, कपड्यांचं मशीन, फ्रिज, किटली, सगळ्यांचे बझर सोल्डरचे डाग वितळवून काढले आणि जॅमच्या रिकाम्या बरणीत टाकले. एवढ्याने भागलं नाही म्हणून शेगडीचा घुरघुरणारा पंखा काढून जुन्या कॉम्प्युटरमधला मुका पंखा बसवला. फ्रिजखाली रबराचे तुकडे सारले. शेवटचा निरोप आला: 'ताई, घर आता वाचनालयासारखं झालंय. आज पहिल्यांदा नीट झोपणार.'

आई रात्री परत गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर तिचे डोळ्यांचे थेंब माझ्याच कपाटावर राहिलेले. दुपारी मी ते घेऊन निघाले. माझ्याकडे किल्ली असते, दार उघडून आत गेले.

आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, हात मांडीत घेऊन. ओट्यावर पातेल्यात पाणी, शेजारी चहाचा डबा उघडा. कप कोरडा.

"कोण, तू? बरं झालं आलीस. सकाळपासून वीज नाही बघ."

मी शेगडीकडे पाहिलं. काचेवर लाल आकडे ढळढळीत पेटलेले होते, पातेलं नाही म्हणून उघडझाप करत होते. आईपासून हातभर अंतरावर.

"आई," मी म्हटलं, "शेगडी चालू आहे."

तिचा अंगठा पदराच्या काठावरून पुढेमागे फिरत राहिला.

"शेजारी विचारायचं नाही का, वीज आहे का म्हणून?"

"विचारलं असतं, आणि शेजारीण म्हणाली असती, अहो आहे की! मग?"

म्हणजे तिला संशय आला होता. सकाळपासून ती तिथे बसून ठरवत होती, की घर बंद पडलंय की आपण. मी शेगडी बंद केली, पुन्हा लावली, चहा केला. कप हातात दिल्यावर मग ती हळूहळू बोलायला लागली. शेगडीची काच गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही. एक 'टी' म्हणजे लागली, पुढे प्रत्येक 'टी'ला आच वाढते. ओव्हनचे किती आवाज म्हणजे दूध कोमट, किती म्हणजे कडक, फ्रिजची घरघर कुठल्या हाताला आली की दार कुठे आहे, सगळा संसार ती कानाने करत होती. किती दिवस, ते काही सांगेना.

"आणि दवाखान्यातली ती अक्षरं?"

"बाहेर बाकावर बसलं की आतल्या पेशंटचं सगळं ऐकू येतं," आई म्हणाली. "एवढी मोठी डॉक्टर माणसं, तक्ता काही बदलत नाहीत."

मला हसू येत होतं. भावाला फोन केला. दुकानातून तो तसाच निघून आला, गळ्यात ओळखपत्र लटकत. ऐकताना त्याने ओट्यापासून दारापर्यंत किती फेऱ्या मारल्या देव जाणे.

"मी बोलणारी शेगडी करतो. सगळ्या वस्तूंना आवाज रेकॉर्ड करून घालतो. 'आई, दूध तापलं.' दारात सेन्सर लावतो. कॅमेरा लावतो, मला दुकानातून दिसेल—"

"म्हणजे ती बाईच की, फक्त भिंतीवर टांगलेली," आई म्हणाली. "मला काही नवीन नको. माझं होतं ते परत दे."

"देतो. आत्ता देतो."

पण बरणी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. सगळे बझर एकासारखे एक. कुठला कुणाचा, काहीच लिहिलेलं नव्हतं. कुठलाही काढून कुठेही डकवला असता तर वस्तू ओरडली असती, पण दुसऱ्याच्या आवाजात.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आई खुर्ची घेऊन त्याच्या टेबलापाशी बसली. तो एकेक बझर दोन तारांनी बॅटरीला टेकवायचा.

"हा किटलीचा. पोरकट आहे."

"हा?"

"मशीनचा. लांबून आला तरी कळतो."

"आणि हा ओव्हनचा ना?"

"छे! ओव्हनचा घसा बसका होता. घाई करू नकोस, पुन्हा लाव."

ज्या आवाजापासून तो पळत होता, तोच आवाज तो दिवसभर पुन्हापुन्हा काढत बसला. गुडघा हलत होता, पण उठला नाही. फ्रिजचा बझर आईने परत घेतला नाही. "तो खरंच उगाच ओरडायचा," म्हणाली. शेगडीचा जुना पंखा मात्र परत आला, आणि फ्रिजखालचे रबरही निघाले.

मग मी विषय काढला. काढणं भाग होतं.

"पुढच्या वेळी बाहेरचं ऐकायचं नाही. दिसेल तेवढंच डॉक्टरांना सांगायचं," मी म्हटलं.

"सांगेन. आणि मग तुम्ही बाई आणाल."

खटपट्या बरणीचं झाकण फिरवत बसला. शेवटी आईच म्हणाली, "हे बघ, रोज दुपारी माझा चहा माझी मीच करेन. ज्या दिवशी करता येणार नाही, त्या दिवशी मीच फोन करेन. मग आण कुणाला आणायचं ते."

डॉक्टरांना तिने खरं सांगितलं. त्यांनी तक्ता बदलला. नजर आम्हाला वाटत होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. तरी आईची अट आम्ही पाळतोय, अजून तरी. पाळतोय म्हणजे मला दुपारी जेवण जात नाही आणि खटपट्याला गल्ल्यावर बसवत नाही. जेवणाची सुट्टी झाली की तो दुकानामागच्या खोक्यांमध्ये उभा राहून आईला फोन लावतो. बोलत काहीच नाही. कान देऊन थांबतो.

परवा त्या वेळेला मी आईकडेच होते. फोन वाजला, आईने उचलून ओट्यावर ठेवला. पातेलं शेगडीवर ठेवलं, बोट काचेवर नेलं आणि तसंच अधांतरी धरलं.

"लाव ना गं," मी कुजबुजले. "तिकडे त्याचा जीव टांगणीला लागला असेल."

"असू दे जरा," आई म्हणाली. "सगळं घर मुकं केलं होतं मेल्याने."

फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग आईने बोट टेकवलं.