वन्संची न मरणारी कात्री

इकडे ये गं, जवळ बस. काकू लखनौहून लग्नाला आली आणि तू लांबूनच हात हलवून पसार होतेस? शोभतं का? बरं, ऐक. तुझ्या आत्याइतकी चिवट बाई अख्ख्या लखनौत नाही, आणि तिच्याहून चिवट काही असेल तर तिची बुरशी.

आमच्या वन्सं लॅबमध्ये काय करतात, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. आता कळलंय तेवढं सांगते. शेणाच्या ढिगात आतून भट्टी पेटलेली असते ना, तिथे एक बुरशी मजेत वाढते. तिच्यात एक एन्झाइम असतं. डीएनए, म्हणजे जिवाचा धागा, त्याची ते कात्रीसारखी खांडोळी करतं. आणि उकळलं तरी ही कात्री बोथट होत नाही! ती बुरशी आणायला वन्सं ऐन थंडीत टेम्पोनं सरोजिनी नगरच्या गोठ्यावर जातात. वाफाळत्या ढिगात कोपरापर्यंत हात घातलेला पाहून गोठेवाला म्हणाला, "दीदी, सोने का झुमका गिर गया क्या?" या म्हणाल्या, "झुमका नहीं भैया, खजाना है." लॅबमध्ये मात्र सोवळं कडक. माणसाच्या घामातही असली कात्री असते म्हणे, म्हणून सतत हातमोजे. सवय इतकी जडली, की एकदा महानगर मोहल्ल्यातल्या हळदीकुंकवाला बाई मोजे घालूनच वाण घ्यायला पुढे. शेजारीण मला हळूच विचारते, "कुछ बीमारी है क्या?"

पण गेल्या हिवाळ्यात बाईंवर बेतलं. तपासताना एका नळीत धागा आणि एन्झाइम घालतात, दुसरीत नुसता धागा. दुसरीतला शाबूत राहायला हवा. तर तिथलाही कापला गेला! लॅबचे साहेब म्हणाले, "मैडम, यह आपके हाथ का पसीना है. होली के बाद फफूंद छोड़िए, दूसरा काम लीजिए." फफूंद म्हणजे आपली बुरशी. वन्सं घरी आल्या त्या ताटावर नुसत्या बसून राहिल्या.

सकाळी मी हिंगाचा रिकामा डबा उकळत्या पाण्यानं विसळत होते. वन्संनी तो घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला.

"वहिनी, उकळत्या पाण्यानं धुतलात ना?"

"दोनदा. हिंगाचा वास जातो होय!"

"अहो, आम्हीसुद्धा नळ्या उकळूनच धुतो!" म्हणत बाई चहा टाकून पळाल्या.

म्हणजे बघ, जी कात्री उकळून मरत नाही तिलाच ह्या उकळून हाकलत होत्या, आणि ती काचेला चिकटून बसलेली. वन्संनी बुरशीचं वारंही न लागलेल्या कोऱ्या नळ्या आणल्या. नुसता धागा शाबूत राहिला, एन्झाइमच्या नळीतला कापला गेला. साहेब म्हणाले, "अच्छा, ठीक है, जारी रखिए." बस, एवढंच.

संध्याकाळी वन्संनी घरी येऊन सांगितलं, "दादा, घाम नव्हता. बुरशीचीच कात्री होती." तुझे काका पेपरातून म्हणाले, "मग प्रमोशन का?" वन्सं हसल्या, वरणभात कालवून घेतला आणि जेवू लागल्या. बाईनं एवढं जिंकलं आणि घरात दाद द्यायला कुणी नाही. मी आपली गरम पोळी वाढली.

तू बीएस्सीला आहेस. तुला कळेल, निदान नीट प्रश्न तरी विचारशील. त्या मला म्हणाल्यासुद्धा, "ती आली की तिला दाखवीन." तेव्हा सुट्टी लागली की गाडीत बस. चारबाग स्टेशनवर मी उतरवून घेईन. पण लवकर ये हं.