राक्षसाच्या आतला माणूस

शिवमंदिराच्या रस्त्यावर माझ्या पँटी आखूड करून देणारे एक टेलरकाका आहेत. शिलाई मशीनला मोबाईल टेकवून ते राक्षसांचे फालतू पिक्चर बघत बसतात. राक्षस गाव तुडवत असतो आणि काका म्हणतात, "पाठीवर चेन दिसतेय बघा. आत सुती अस्तर तरी लावलंय का? घामाने मरेल तो माणूस."

शेवटी नावं सरकू लागली की मोबाईल माझ्या हातात येतो, कारण त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. "आत कोण होता, बघा जरा."

काल यादी संपली, तरी त्याचं नाव आलंच नाही. काका सुई धरून थांबले होते. मी मनानेच एक नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटलं.

"राबला बिचारा," म्हणाले, आणि दोरा ओवू लागले.