आधी तोंड उघडा

"बोट मगे. आदी तोंड उघडा बघया."

साखर तपासायला आलेल्या प्रत्येकाला तो हे ऐकवायचा. डाव्या हातात टॉर्च, उजवा हात स्वतःच्या तोंडावर, आणि वाकून समोरच्याच्या हिरड्या बघायच्या. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासायचं काम त्याचं. दातांशी त्याचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. रांगेतले म्हातारे वैतागायचे. "अरे, तू रगात काढतलस की दात?" असं एकाने विचारलं, तर म्हणाला, "साखर म्हटली की सगळे पायाकडे बघतत. तोंडात कोण बघणा नाय."

तुमच्याही गावच्या दवाखान्यात असा एखादा असेल, नेमून दिलेल्या कामाबाहेरचं बघणारा. मला तो आधी आगाऊच वाटला. तीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं. मला तोंड उघडायला सांगणारा हा कोण? "दात माझे ठीक आहेत, तू साखरेचं बघ," मी फटकारलं. तो तोंडावरचा हात न काढता हसला आणि बोट टोचलं. साखर वाढलेलीच होती.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं होतं. मी भात सोडला, नाचणीच्या भाकरीवर आले, भर मे महिन्यात घरचा हापूस शेजाऱ्यांना वाटला. एक गोळी चुकवली नाही. तरी साखर हटेना, आणि वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा पुसट व्हायला लागले. वाचता येणार नसेल तर जगून करायचं काय, असं मला खरंच वाटायचं.

तिसऱ्या खेपेला मी तोंड उघडलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मी मशेरी लावायची. हो, मी! तंबाखूच्या दुष्परिणामांवर मुलांकडून निबंध लिहून घेणारी मी मागचं दार लावून तव्यावर तंबाखू भाजायची, बामाच्या रिकाम्या डबीत भरायची आणि सकाळ-दुपार बोटाने दातांवर घासत बसायची. घासताना रक्त यायचं. मशेरीने दात घट्ट होतात असं आई सांगायची, तेच धरून बसले होते.

त्याने टॉर्च विझवली. मागे रांगेत माझे दोन माजी विद्यार्थी उभे होते. आता हा बोंबलणार, असं वाटून मी डोळे मिटले. तो आवाज खाली आणून एवढंच म्हणाला, "बाईनू, डबी खंय ठेवतास?"

"पर्समध्ये."

"ती माका देवा."

मी दिली. त्याने टॉर्च ठेवायचा खण ओढून ती आत टाकली. तशा सात-आठ डब्या तिथे आधीच होत्या. मग केसपेपरच्या मागे कुडाळच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. त्या म्हणाल्या, "हिरड्यांत पू आहे. हे दुखणं साखर उतरू देत नाही, आणि चढलेली साखर हिरड्या बऱ्या होऊ देत नाही." दोन दात गेले. मशेरी सोडताना मी महिनाभर घरात भांडी आपटली. पण हळूहळू साखर उतरली, आणि ऑपरेशन झालं.

पट्टी सुटल्यावर मी आधी त्याच्याकडे गेले. मला वाटायचा त्यापेक्षा तो पुष्कळ तरुण होता, आणि चेहरा सुजलेला.

"हात काढ तोंडावरचा," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं.

त्याने काढला. पुढचे चार दात नव्हते.

"साखर वाढली तेवा मी पण भात सोडलंय," तो म्हणाला. "दात हलाक लागले. म्हटलंय, आमच्या घरात सगळ्यांचे हलतत. आता किडनी गेली. सगळा दातांमुळेच झाला असा मी म्हणणंय नाय, बाईनू. पण तोंडात बघ, असा माका कोणी येळेर सांगूक नाय."

आठवड्यातले दोन दिवस तो डायलिसिसला जायचा. उरलेले दिवस टॉर्च घेऊन हजर. "अरे, आता तरी घरी बस," मी रागावले. "घराक बसान काय करू? हय बसलंय तर चार तोंडा तरी बघतंय."

गणपतीनंतर तो गेला. निधनाची बातमी वर्तमानपत्रात कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत होती. मला ती नीट वाचता आली. मी खूप रडले.

पुढच्या तपासणीला त्याच्या खुर्चीवर नवी मुलगी बसली होती. शहरातून आलेली, नीटनेटकी, घाईत. मी समोर बसले आणि सवयीने तोंड उघडलं.

"काकू, तोंड नको. बोट द्या."

मी बोट दिलं नाही. त्याच बोटाने तिला खण दाखवला.

"त्यात टॉर्च आहे. आधी ती काढ."